तवा पिशवीत घालून इंडक्शन हॉब शोधला, त्याच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवाळीचे पाहुणे काल गेले आणि आज चहा पिता पिता एकदाचं ठरलं, ओट्याचं काम आता काढायचंच. फ्लॅट २००४ चा, सिंहगड रोडला, तेव्हापासून तोच ओटा, वर तीन बर्नरची शेगडी, खाली ट्रॉलीत सिलिंडर. गॅसवर माझा तसा राग नाही, राग आहे तो पंखा लावता येत नाही याचा. एप्रिल-मेमध्ये पोळ्या लाटताना घाम पार कोपरापर्यंत ओघळतो आणि पंखा लावला की ज्योत इकडून तिकडे पळते, म्हणजे पंखा असून नसल्यासारखा. या एका कारणासाठी मला चांगल्यातलं इंडक्शन हवंय, बाकी ते स्मार्ट किचन, ॲपवरून चालू-बंद वगैरे कोणाला हवंय.

घरात विरोधी पक्ष आहे. आई (सासूबाई) म्हणाल्या, "ते टीं टीं करणारं? त्यावर भाकरी होते होय गं?" त्या मूळच्या बार्शीच्या, ज्वारीच्या भाकरीवर तडजोड नाही. त्यांचा सगळा अनुभव लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या अडीच हजारांच्या प्लेटवरचा आहे आणि खरं सांगायचं तर त्या प्लेटबद्दलचं त्यांचं मत बरोबरच आहे.

बजेट हॉबला (ओट्यात कायमची बसवायची इंडक्शनची शेगडी) दीड लाखापर्यंत, नवऱ्याने तोंड वाकडं करून मान्य केलंय. नोंदी ठेवतेय कारण बाथरूमच्या कामात कोण कधी काय बोललं ते शेवटी कोणालाच आठवत नव्हतं आणि भांडणं मात्र सगळ्यांना आठवत होती.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फ्रिजवरचं गणपतीपुळ्याचं कासव काढलं (मागे लोहचुंबक आहे) आणि मांडणीवरची सगळी भांडी खाली घेतली. ३४ भांडी, चिकटली ११, आणि त्यातली सपाट बुडाची फक्त ४. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातला प्रवाह सेकंदाला वीसएक हजार वेळा किंवा त्याहून जास्त उलटसुलट होतो, त्याने भांड्याच्या बुडातच भोवरे उठल्यासारखा करंट फिरतो आणि बूड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. त्यासाठी बुडाला लोखंडाचा अंश पाहिजे, असा की चुंबक धरेल.

ॲल्युमिनियमचा कुकर बाद, पितळेची कल्हईची पातेली बाद, तांब्याच्या बुडाची दोन बाद. गंमत म्हणजे लग्नात आहेरात आलेली जाडजूड स्टीलची पातेली, जी आम्ही वीस वर्षं "चांगल्यातली" म्हणून वापरली, ती चिकटली नाहीत, आणि आठवडी बाजारातनं आणलेला पातळ डबा मात्र टचकन चिकटला. निकेल घातलेल्या स्टीलला चुंबक धरत नाही, बिननिकेलच्या स्वस्त स्टीलला धरतं, असं ते आहे. लोखंडी कढई चिकटते पण बूड गोल, सपाट काचेवर ती डुलत बसणार.

म्हणजे हॉबच्या किमतीत भांड्यांचे पंधरा-वीस हजार आत्ताच धरायचे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

जुन्या प्लेटचं पोस्टमार्टेम. भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा तो वॅट मोजणारा मीटर घेतला आणि अर्धा लिटर दूध ठेवलं. प्लेटवर २०० वॅट लावलं की आपल्याला वाटतं मंद आच आहे, पण मीटरवर काय दिसलं तर ११०० च्या आसपास काही सेकंद, मग चक्क शून्य, मग परत ११००. म्हणजे मंद आच नाहीच, मोठी आच आहे जी मधेमधे झोपते. दूध शांत पडतं, एकदम फुगून वर येतं, परत पडतं, आणि खाली मात्र धरतं. पाच वर्षं आई म्हणत होत्या की यावर दूध लागतं, आम्ही म्हणायचो तुम्ही लक्ष देत नाही. आज माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू दे, पातेलं घास."

दुसरं म्हणजे काचेवर छापलेलं वर्तुळ २० सेंटिमीटरचं आहे पण तवा ठेवून थोडं पाणी शिंपडलं तर मधल्या तळहाताएवढ्या भागातच चरचर, कडेला नुसती ओल. आतलं वेटोळं छोटं, वरचं चित्र मोठं.

तर शोरूममध्ये जाऊन मला दोनच गोष्टी बघायच्यात. मंद आच खरंच मंद आहे का, आणि वेटोळं चित्राएवढं आहे का. फीचरची यादी वाचून यातलं काहीच कळत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इलेक्ट्रिशियन दादा येऊन गेले. डीबी (घरातली विजेची मुख्य पेटी) उघडला, स्वयंपाकघराच्या पॉइंटला अडीच स्क्वेअर एमएमची वायर, १६ अँपियरची. चार झोनचा, म्हणजे चार भांडी ठेवायच्या जागांचा, हॉब पूर्ण ताकदीने चालला तर ७.४ किलोवॅटपर्यंत जातो, २३० व्होल्टने भागलं की ३२ अँपियर. "मॅडम, या वायरवर हे लावलं तर वायरच शेगडी होईल." डीबीपासून वेगळी सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन, ३२ अँपियरचा डबल पोल एमसीबी, आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघायचं (नाहीये). भिंतीतला पाइप भरलेला आहे, त्यामुळे पॅसेजच्या सीलिंगमधून पट्टी मारावी लागणार.

वीज बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट. तो वाढवून घ्यायला महावितरणकडे अर्ज करायचा. थ्री फेजची गरज नाही असं दादांचं मत, पण गिझर, एसी आणि हॉब तिन्ही एकदम लावायचे नाहीत. बऱ्याचशा चांगल्या हॉबमध्ये बसवताना एकूण पॉवरला मर्यादा घालता येते, म्हणजे तू ७ चा असशील पण इथे ४.५ च्या वर जायचं नाही असं त्याला सांगून ठेवता येतं. हे वाक्य कोणत्याही जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतं आणि आपल्याकडच्या घरांना सगळ्यात उपयोगी हेच आहे. माझ्या यादीत ते आता तिसरं.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोन शोरूम. एसी गारेगार, कॉफी चांगली, आणि मांडलेला एकही हॉब चालू नाही! दीड-दोन लाखांची वस्तू, आणि ती काळी काच बघून घ्यायची. मी विचारलं चालू करून दाखवा, तर मुलगा म्हणाला मॅडम डिस्प्ले पीस आहे, व्हिडिओ दाखवतो. गाडी घेताना व्हिडिओ बघून घेतो का आपण.

तरी जे कळलं ते लिहून ठेवते. बॉश, सीमेन्स आणि त्यांच्या वरचं गॅगेनाऊ ही एकाच घरातली भावंडं आहेत, त्यामुळे बॉश आणि सीमेन्समध्ये निवडताना फार डोकं लावण्यात अर्थ नाही, सर्व्हिस कोणाची जवळ आहे ते बघावं. गॅगेनाऊचा एक प्रकार असा की झोनच नाहीत, अख्ख्या काचेवर कुठेही भांडं ठेवा, ते ओळखतं. बघायला भारी, किंमत ऐकून आम्ही कॉफी संपवून निघालो. मीलेचे पण उत्तमच, तेही हाताबाहेर. एलिकाचं ते मधोमध धूर ओढून घेणारं मॉडेल नवऱ्याला फार आवडलं कारण वरची चिमणी जाते, पण खाली मोटर आणि डक्ट म्हणजे ड्रॉवरची जागा गेली, आणि ठेचा परतताना उठणारी मिरचीची वाफ उलटी खाली जाईल यावर माझा विश्वास बसायला वेळ लागेल. नको.

काच मात्र सगळ्यांची चांगली असते. शॉट कंपनीने ती सेरान नावाची काच १९७१ ला आणली, ती तापली तरी जवळजवळ प्रसरण पावतच नाही, म्हणून तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तरी तडकत नाही. तडकते ती आघाताने, म्हणजे वरच्या कप्प्यातून खलबत्त्याची मुसळी निसटली तर. त्यामुळे हॉबच्या बरोबर वर काही जड ठेवायचं नाही, मुसळी आजच खाली आणली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस सार्थकी. एका डीलरकडे दोन हॉब जोडलेले आहेत असं फोनवर कळलं. पिशवीत सामान: घरचा २८ सेंटिमीटरचा नवा बिडाचा तवा (सपाट बुडाचा, मुद्दाम घेतला), मैदा, चहाची गाळणी, दुधाचं पाकीट, जाड बुडाचं छोटं पातेलं, फोडणीची पळी. आणि आई. आईंना मी बोलावलं नव्हतं, त्या चप्पल घालून दारात उभ्याच होत्या.

तव्यावर गाळणीने मैद्याचा पातळ थर पाडला, एकसारखा, रांगोळीच्या सड्यासारखा, आणि मधली आच लावून सरळ उभी राहिले. तिथला मुलगा घाबरून मॅनेजरला बोलवायला गेला. पहिल्या हॉबवर साधारण दोन मिनिटांनी मैद्यात एक तांबूस रिंग उमटली, पाटलीएवढी. रिंगच्या आत पांढरं, बाहेर पांढरं. म्हणजे वेटोळं तिथे आहे आणि बाकी सगळं त्याच्या शेजारधर्मावर चाललंय. या तव्यावर भाकरी टाकली तर मध्ये करपून कडेला कच्ची, आणि कडा कच्ची राहिली की भाकरी फुगत नाही, वाफ तिथूनच निसटते.

तवा गार व्हायला वीस मिनिटं लागली, बीड आहे. तेवढ्यात आईंनी मॅनेजरला त्याचं गाव विचारून घेतलं.

दुसऱ्या हॉबवर मोठा झोन, त्यात आत एक आणि बाहेर एक अशी दोन वेटोळी. तीच आच, तोच मैदा. रंग आधी दोन जागी धरला आणि मग हळूहळू पसरत कडेच्या बोटभर अलीकडे पोचला. मधोमध रुपयाएवढा ठिपका मात्र पांढराच, कारण तिथे तापमान बघणारा सेन्सर असतो आणि वेटोळं नसतं. जाड बिडामुळे तोही मिनिटभरात भरून आला. आईंनी वाकून बघितलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "पीठ करपलंय, पण सगळीकडं सारखं करपलंय." इतकं कौतुक त्यांनी माझ्या कुठल्याच भाजीचं केलेलं नाही.

मग दूध. सेल्समन म्हणत होता आच एकदम सलग असते, कुठेच तुटत नाही. खालच्या दोन आकड्यांवर तुटते, बुडबुडे बघितले की कळतं, पण तुटणं अगदी छोटं, श्वास घेतल्यासारखं. तीनच्या वर सलग. दूध कडेने थरथरत राहिलं, उसळलं नाही. चालेल.

फोडणीची पळी ठेवली तर हॉबने तिला भांडंच मानलं नाही, नुसतं चिन्ह लुकलुकत राहिलं. बूड फार छोटं. म्हणजे रोजची फोडणी काय करायची हा प्रश्न घेऊन परत.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी

खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत. चातुर्मासभर घरात वांगं नाही, त्यामुळे आज दोन मोठी वांगी गॅसवर भाजताना तो वास पार जिन्यापर्यंत गेला. साल काळी पडून फुटते, आतून पाणी सुटून फसफसतं, देठ धरून फिरवायचं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते हे काचेवर कसं करणार. ओव्हनमध्ये भाजलेलं वांगं शिजतं, त्याला भरताचा धूर लागत नाही. आणि मग फुलके, पापड, फोडणीची पळी, लाइट गेल्यावरचा स्वयंपाक, सगळेच एका रांगेत उभे राहिले.

शिवाय बाबा. बाबांना तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय, आणि खरं तर हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. डॉक्टरांना काल फोन केला, ते म्हणाले चालू हॉबपासून दोन फूट लांब राहायचं, त्यावर वाकायचं नाही, बाकी घरात असायला हरकत नाही. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सल्लाही ६० सेंटिमीटरचाच आहे, म्हणजे मेळ बसला. पण पहाटे पाचचा चहा बाबा स्वतः करतात, आणि तो हक्क त्यांच्याकडून काढून घ्यायचा तर त्यापेक्षा ओट्याचं कामच रद्द करणं सोपं.

म्हणून ठरलं. ६० सेंटिमीटरचा इंडक्शन हॉब मधे, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एका बर्नरचा ३० सेंटिमीटरचा गॅस, दोघांच्या मध्ये दोन फूट रिकामा ओटा. ८० सेंटिमीटरचा पाच झोनचा हॉब यादीतून गेला. त्याचं मला थोडं वाईट वाटलं, मग भरीत खाल्लं.

३० नोव्हेंबर, रविवार

नवऱ्याने विचारलं की वाचणार किती, आणि मी हिशोब केला तर वाचत काहीच नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटची उष्णता असते. शेगडीवर वाऱ्याने, भांड्याच्या कडेने जाते ती सोडून आमच्या घरात ५५ टक्के कामाला येत असेल, म्हणजे ९९ युनिट. इंडक्शनचे ८५ टक्के कामाला येतात असं धरलं तर तेवढ्याच स्वयंपाकाला ११६ युनिट वीज. आमच्या बिलात वरच्या स्लॅबमध्ये सगळे आकार आणि ड्युटी मिळून युनिटला १३ च्या आसपास पडतं, म्हणजे १५०० रुपये. सिलिंडर साडेआठशेच्या आसपास. पाच माणसांत महिन्याला एक सिलिंडर, म्हणजे महिन्याला साडेसहाशे रुपये जास्त, आणि ३०० युनिटच्या वर गेलो तर आणखी.

ज्याच्या छतावर सोलर आहे त्याचं गणित वेगळं. आमच्या गच्चीवर सोसायटीच्या टाक्या आणि डिश अँटेना.

नवरा म्हणाला मग कशाला. मी म्हणलं पंख्यासाठी. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला मे महिन्यात पोळ्या मी करत नाही म्हणून मी काही बोलत नाही. शहाणा आहे.

६ डिसेंबर, शनिवार

घेतला. मैद्याच्या परीक्षेत पास झालेलाच. हॉब १ लाख १८ हजार, एका बर्नरचा गॅस २६ हजार, वायरिंग वेगळं, ग्रॅनाइटचं कटिंग वेगळं, भांडी वेगळी. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण अजून वापरलेला नाही आणि माझ्या नोंदी वाचून नणंद पण तोच घेईल.

विकत घेताना चार गोष्टी लिहून मागितल्या: पॉवरची मर्यादा बसवतानाच घालून देणार, काच वॉरंटीत कशी धरतात ते छापील, सर्किट बोर्ड पुण्यात मिळतो का, आणि खालून हवा घ्यायच्या जागेला बारीक जाळी लावली तर चालते का. शेवटच्यावर तो हसला. हसण्यासारखं काही नाही, गरम बोर्ड आणि पंख्याची झडप म्हणजे झुरळांना फाइव्ह स्टार हॉटेल. जुनी प्लेट उघडली तेव्हा आत काय होतं ते मी इथे लिहीत नाही. (जाळी चालत नाही म्हणे, हवा अडते. पेस्ट कंट्रोल करून घेणे.)

१६ डिसेंबर, मंगळवार

भार वाढून आला, ७ किलोवॅट, सिंगल फेजच. सहा स्क्वेअर एमएमची लाइन ओढली, आरसीसीबी बसला. पॅसेजमध्ये पट्टी दिसते थोडी. दिसू दे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ग्रॅनाइट. आजचा दिवस वाईट. वर काळा ग्रॅनाइट, त्याच्या खाली आधाराला कडप्पा, हे आपल्याकडच्या सगळ्याच जुन्या ओट्यांचं. हॉबला भोक हवं ५६० बाय ४९० मिलिमीटर. मी कागदावर काढून दिलं होतं की चारही कोपऱ्यांत आधी गोल भोक पाडा आणि मग त्या भोकांपर्यंत कटर आणा, कारण काटकोनात कापलं की ताण कोपऱ्यात जमतो आणि तिथनंच चीर जाते. कारागीर म्हणाला वीस वर्षं करतोय ताई. मी दोन मिनिटं फोनवर होते, तेवढ्यात त्याने पुढच्या उजव्या कोपऱ्यात सरळ कटर घातला. पुढे ओट्याची पट्टी उरते जेमतेम पाच सेंटिमीटर, तिथे केसाएवढी चीर, कोपऱ्यापासून कडेपर्यंत, तिरकी. पाणी मारलं की दिसते, सुकलं की गायब.

इपॉक्सी भरली, खालून लोखंडी अँगल चिकटवला. तो म्हणाला कळणार पण नाही. मला कळणार, रोज. पैसे थोडे कापून घेतले, त्यावरही वाद.

कडप्पा पण कापावा लागला हे कोणीच आधी सांगितलं नव्हतं. हॉबची पेटी फक्त पाच सेंटिमीटर खोल असते पण तिच्या खाली आणि मागे हवेला मोकळी जागा लागते, आणि कडप्पा बरोबर तिथे. ओल्या कटिंगचा काळा चिखल डाळीच्या डब्यांपर्यंत गेलाय. रात्रीचं जेवण बाहेरून.

२७ डिसेंबर, शनिवार

बसला. मर्यादा ४.५ किलोवॅटची घालून घेतली, माझ्यासमोर. पहिलं काम म्हणून दोन लिटर पाणी, घड्याळ लावून, बूस्टवर (सगळ्यात मोठी आच): तीन मिनिटं चाळीस सेकंदांत खळखळून उकळी. गॅसवर तेवढ्यालाच दहा मिनिटं लागायची. बाबा टाळ्या वाजवून दोन फूट मागे सरकले.

बूस्टला आवाज येतो, सूंऽऽ असा, थरांच्या बुडाचं पातेलं असेल तर जास्तच. आच कमी केली की जातो.

३ जानेवारी २०२६, शनिवार

पहिला आठवडा. सोमवारी मोठीच गंमत. डाव्या बाजूला मागे कुकर बूस्टवर, पुढे तव्यावर भाकरी, आणि भाकरी काही केल्या फुगेना. आई म्हणाल्या, "कुकर लावला की याला राग येतो." मी हसले, मग मॅन्युअल काढलं, आणि तंतोतंत तसंच आहे. डाव्या दोन झोनचा वीजपुरवठा एकच, उजव्या दोनचा एक. एकाने बूस्ट ओढला की शेजाऱ्याची आच आपोआप उतरते. आता कुकर उजवीकडे आणि तवा डावीकडे, दोघांची भेट नाही. शोरूममध्ये हे एकानेही सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. दोन चालू हॉब बघितले ते एकेक भांडं ठेवूनच.

कुकरचं वेळापत्रक बदललं. वाफ इतकी पटकन धरते की जुन्या सवयीने तीन शिट्ट्या होईपर्यंत मोठ्या आचेवर ठेवलं तर वरण खाली लागतं. पहिली शिट्टी येईपर्यंत ८, मग ४ वर दहा मिनिटं. बिडाचा तवा मात्र उलटा, त्याला एकदम मोठी आच दाखवायची नाही, ४ वर पाच मिनिटं तापू द्यायचा आणि मग ७. आईंना आकडे पटत नाहीत, त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, "मंद म्हणजे ३, मध्यम ५, भाकरी ७", आणि कागद फ्रिजवर कासवाखाली लावला.

टचची बटणं हा मात्र डोक्याला ताप. पिठाचा हात, ओला हात, काही चालत नाही, आधी पुसा मग दाबा. एक दिवस दूध उतू गेलं, बटणांवर पसरलं, आणि हॉब टीं टीं करून आपणहून बंद झाला. काचेवर दूध करपलंच नाही, फडक्याने पुसलं की साफ. गॅसच्या बर्नरच्या भोकांतून दूध टाचणीने काढत बसलेल्या बाईला हे काय आहे ते कळेल.

पंखा लावला, थंडी असून, तत्त्व म्हणून. आई ओरडल्या, "बंद कर तो, परातीतलं पीठ उडतंय."

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

बाजरीची भाकरी, तीळ लावून. आईंनी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली. परत उलटून फडक्याने कडेकडेने दाबत गेल्या आणि भाकरी एका बाजूने उठायला लागली, मग सगळीच टम्म. बाजरीची, तव्यावरच, ज्योत न दाखवता. पाच झाल्या. सहावी त्यांनी मुद्दाम गॅसवर नेऊन फुगवली आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या. गॅसवरचीला काळे डाग आणि थोडा वास, हॉबवरची एकसारखी. "ही बरी आहे," म्हणाल्या, कुठली ते सांगितलं नाही.

दुपारी तिळगुळाचा पाक. मॅन्युअलमध्ये लाल चौकटीत लिहिलंय की साखर काचेवर सांडली तर गार होऊ द्यायची नाही, गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढायची, कारण गार होताना पाक काचेला धरून तिचा टवका ओढतो. हे मी आईंना दोनदा वाचून दाखवलं होतं. चिक्कीचा गूळ, पाक गोळीबंद झालाय का बघायला त्यांनी पळी उचलली, वाटीतल्या पाण्याकडे नेताना एक धार काचेवर, आणि त्याच वेळी दारावर बेल. मी येईपर्यंत दीड-दोन मिनिटं. खरवडणी घेऊन धावले, तिरकं पातं, बऱ्यापैकी निघालं सगळं. एका जागी मात्र बोट फिरवलं की लागतं, उजेडात तिरकं बघितलं की चमक नाही. बरोबर तिळाएवढा. १ लाख १८ हजारांवर, अठराव्या दिवशी.

आईंना सांगितलं नाही. लाडू चांगले झालेत.

राहिलेली कामं: सिलिकॉनचा मागचा कोपरा सुटलाय, तो माणूस गुरुवारी येतो म्हणालाय. चिरेवर एकदा इपॉक्सीचा दुसरा हात. जानेवारीचं वीज बिल आलं की युनिट इथेच लिहायचे, हिशोब चुकला का ते कळेल. पेस्ट कंट्रोल. आणि एप्रिलच्या आत स्वयंपाकघरातला पंखा डोक्यावरून काढून बाजूच्या भिंतीवर, परातीला वारा लागणार नाही अशा उंचीवर. इलेक्ट्रिशियन दादांना फोन केलाय, ते म्हणाले, "मॅडम, अजून काही राहिलंय का?"